‘आल्यावर काढते’ म्हणाली होतीस, ज्योती

ज्योती,

तू गेल्यानंतरही रोज संध्याकाळी ऑफिसात येत होतीस, हे तुला कोणी सांगितलं नसेल. स्मशानातून घरी आले, आंघोळ केली आणि सवयीने फोन हातात घेतला, तर आपल्या ग्रुपवर तो नेहमीचा मेसेज येऊन पडलेला: ‘मॅन्युअल प्रकाशित झालं. प्रकाशक: ज्योती.’ केसातून पाणी गळत होतं आणि मी तशीच बाथरूमच्या दारात उभी. क्षणभर, अगदी खरं सांगते, मला वाटलं की सगळ्यांची काहीतरी चूक झाली आहे, तू डिलाईल रोडला खोलीत मांडी घालून बसली आहेस आणि मांडीवर लॅपटॉप आहे. मग कळलं. यंत्र आपलं काम करत होतं आणि तुझ्या नावाने करत होतं. मी टॉवेल तोंडावर धरला आणि पहिल्यांदा रडले. तोपर्यंत नुसती धावपळच चालली होती.

तुला हे सगळं माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून सरळ लिहिते. आपली कंपनी डायलिसिसची मशिनं बनवते आणि मी त्यांची मॅन्युअलं लिहिते. मशीन कसं लावायचं, कसं धुवायचं, लाल दिवा लागला तर काय करायचं. पूर्वी मी पानं लिहायचे, दुसरं कोणी ती जोडायचं, तिसरं कोणी साइटवर चढवायचं आणि या गडबडीत एखादं पान हमखास राहायचं. तू आलीस आणि हे सगळं यंत्राच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रामच्या, गळ्यात घातलंस. रोज संध्याकाळी ते आमची पानं गोळा करतं, तपासतं, जोडतं आणि साइटवर ठेवतं. फक्त साइटच्या दाराशी त्याला विचारलं जातं, बाबा रे, तू कोण? तेव्हा दाखवायला एक लांबलचक गुप्त ओळख लागते. तिला आपण टोकन म्हणतो. टोकन ज्याचं, काम त्याच्या नावावर लागतं.

आणि म्हणूनच यंत्राला कधीही माणसाचं टोकन द्यायचं नाही, हा तुझा पहिला नियम. यंत्राचं वेगळं खातं, त्या खात्याला फक्त मॅन्युअलची पानं ठेवायची परवानगी, बाकी कशालाही हात लावायची नाही, आणि काही महिन्यांनी ते टोकन आपोआप बाद. “छापखान्यातल्या माणसाला छापखाना उघडून द्यायचा गं, गल्ला नाही,” तू म्हणायचीस. ते टोकनही कुठल्या फाइलीत लिहून ठेवायचं नाही. ते कुलपात. यंत्राने दिवसभराचा हिशोब लिहिताना चुकून ते लिहिलं तरी तिथे पासवर्डच्या जागी दिसतात तशा नुसत्या चांदण्या दिसायच्या. कोणी व्हॉट्सअॅपवर पासवर्ड मागितला की तुझं उत्तर ठरलेलं: “चहा पाजते. पासवर्ड नाही.”

हे उत्तर तुझं नव्हे, काकींचं. गिरण्या चालू होत्या तेव्हा तुझी आई खाणावळ चालवायची. एका खोलीत मिलचे आठ-दहा जण, कोणी पहिल्या पाळीला, कोणी रात्रपाळीला, मग खोलीची चावी ठेवायची कुठे? खाणावळवालीकडे. तुमच्या दारामागे खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर चावी. एकीवरही नाव नाही, खोलीचा नंबर नाही. वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या, आणि कुठली कोणाची हे फक्त काकींच्या डोक्यात. नाव लिहिलं तर चोराला पत्ताच दिल्यासारखं, असं त्या म्हणायच्या. एकदा कोणाचा तरी चुलतभाऊ गावाहून थेट आला आणि चावी मागायला लागला. काकींनी त्याला बसवला, पाणी दिलं, चहा दिला, बांगड्याच्या कढीबरोबर पोटभर भात वाढला, पण भाऊ पाळीवरून येईपर्यंत चावी दिली नाही. तो पठ्ठ्या दारातच पेंगत बसला होता म्हणे. तू ही गोष्ट ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचीस आणि पहिल्या रांगेतल्या मुली हसायच्या. मी शेवटच्या रांगेत बसून मान डोलवायचे, कारण मला तोपर्यंत ती पाठ झाली होती.

माझीही चावी तुझ्याकडे होती ना. आई गेल्यावर गिरगावच्या घरात मी एकटी, आणि चावी आत ठेवून दार ओढून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आमची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला तेव्हा शेजारीपाजारी पांगले. आता समोरच्या दारामागे कोण राहतं ते मला माहीत नाही. “तुमच्या टॉवरात शेजारी नसतात, कॅमेरे असतात,” तू म्हणालीस आणि हात पुढे केलास. “आण ती चावी इकडे.” त्यानंतर किती वेळा मी खाली वॉचमनच्या खुर्चीवर तोंड पाडून बसले आणि तू टॅक्सीने आलीस, ते आपण दोघींनी कधी मोजलं नाही. टॅक्सीतून उतरतानाच तुझं सुरू व्हायचं, “काय गिरगावकर, आज परत?”

आता भांडणाचं बोलू. ते अर्धवट राहिलंय आणि तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस.

शिरीषचा निरोपसमारंभ आठवतो? दुसऱ्या कंपनीत चालला होता, कँटीनमधून समोसे आणले होते, तो बिचारा भाषण करत होता, डोळे ओले झाले होते त्याचे. आणि तू कोपऱ्यात उभी राहून फोनवर त्याची सगळी टोकनं बंद करत होतीस. त्याच्या हातातला समोसा अर्धा होता गं! मी तुला बाहेर ओढलं आणि म्हटलं, “तू माणूस आहेस की वॉचमन?”

“आजचा त्याचा शेवटचा दिवस आहे,” तू म्हणालीस.

“मग दिवस संपू दे की. गेला का तो कुठे पळून?”

“तो नाही गं काही करणार. पण उद्या त्याच्या टोकनने दुसऱ्या कोणी उद्योग केला, तर बोल कोणाला लागणार? त्याला. मी त्याचं नाव सांभाळते आहे.”

“समोसा तर संपू द्यायचास!”

तू खांदे उडवलेस आणि आत जाऊन त्याला मिठी मारलीस, मनापासून. मला तो ढोंगीपणा वाटला. परतताना मी तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलावर न बोलता समोसा आणून ठेवलास, मी तो खाल्ला, पण विषय तिथेच राहिला. पुढे जेव्हा जेव्हा कोणी नोकरी सोडायचं, तेव्हा मी तुझ्याकडे डोळे वटारून बघायचे आणि तू फोन पर्समध्ये टाकायचीस. अर्थात तोवर टोकन बंद झालेलं असायचं.

अशी तू. आणि तूच तुझा नियम मोडलास, तोही माझ्यापायी.

गणपतीची गर्दी सुरू झाली होती. निम्मं ऑफिस कोकणात पोचलेलं, उरलेलं वाटेवर. त्याच दिवशी दुपारी इंजिनिअर मंडळींनी मला कळवलं की नव्या मॉडेलमध्ये एक पायरी बदलली आहे. मशीन आतून औषधाने निर्जंतुक केल्यावर ते औषध पूर्ण धुऊन गेलं की नाही, हे पेशंट लावायच्या आधी तपासायची पायरी. मी पान दुरुस्त केलं, दोघांकडून तपासून घेतलं, आणि बघते तर यंत्राचं टोकन नेमकं बाद झालेलं. नवं काढायचं तर साहेबांची मंजुरी हवी आणि साहेब देवरुखच्या आत कुठेतरी, जिथे रेंज नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

तू बॅग खांद्याला लावून गावी निघालीच होतीस. तो पिवळा कुडता, गणपतीला दरवर्षी घालायचीस तो. खाली टॅक्सीत काकी गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“साहेब येईपर्यंत थांब,” तू म्हणालीस. “चार-पाच दिवसांचा तर प्रश्न.”

“आणि उद्या कोणी त्या मशीनला माणूस लावला तर? जुनं पान वाचून?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता नियमाचं प्रवचन येणार. तू बॅग सावरलीस आणि निघून गेलीस. थोड्या वेळाने पान साइटवर दिसलं आणि पाठोपाठ तुझा मेसेज आला: ‘माझं टोकन टाकलंय. ओरडू नको. आल्यावर काढते.’ मी उलट लिहिलं, ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान!’ तू जीभ काढलेला चेहरा पाठवलास.

आलीस ती अंगात कणकण घेऊन. दोन दिवस विश्रांती घेते म्हणालीस. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही. मला ते माहीत नसतं तर फार बरं झालं असतं.

तर असं ते टोकन यंत्रात राहून गेलं. तू गेल्यावर लगेचच आयटीतले सावंत माझ्या टेबलाशी आले. सावंत म्हणजे बोलायला रोखठोक माणूस, पण त्या दिवशी तेही शब्द शोधत होते.

“मॅडम, ज्योतीचं अकाउंट बंद करायची रिक्वेस्ट आलीय. बघितलं तर तुमची मॅन्युअलं तिच्याच टोकनवर चाललीयत. बंद केलं तर अडकतील.”

“मग नका करू बंद,” मी म्हटलं. “नव्या टोकनचं बघते मी.”

बघायला काय लागणार होतं? साहेब परत आले होते, मंजुरी एका मेलचं काम होतं. मी तो मेल लिहिला नाही. सावंत दुसऱ्यांदा आले तेव्हा मी कामाचं निमित्त सांगितलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा खुर्ची ओढून बसलेच.

“वाईट वाटून घेऊ नका. पण तिचं टोकन म्हणजे फक्त मॅन्युअल नाही ना. त्याने सगळं उघडतं, मशिनच्या आतल्या प्रोग्रामपर्यंत. आणि गेलेल्या माणसाचं अकाउंट सगळ्यात डेंजर. कोणी वापरलं तर ओरडायला मालक नसतो.”

“थोडा वेळ द्या हो,” मी जरा जोरातच म्हणाले. सावंत उठून गेले.

मला तुझं नाव हवं होतं, बस. संध्याकाळ झाली की मी कामं बाजूला सारून ग्रुप उघडून बसायचे. ‘प्रकाशक: ज्योती.’ एखाद्या दिवशी मुद्दाम पानात एखादा स्वल्पविराम बदलायचे, कारण काहीच बदललं नसेल तर यंत्र मेसेज पाठवत नाही. पन्नाशी गाठलेली बाई स्वल्पविराम हलवत बसली होती, ज्योती! तू बघितलं असतंस तर आख्ख्या ऑफिसला सांगत फिरली असतीस.

तेरावं झालं आणि त्यानंतर मी काकींकडे गेले. तुझ्या टेबलावरचा मग, थंडी वाजते म्हणून ठेवलेली शाल आणि टेबलाखालच्या चपला पिशवीत घालून नेल्या. काकींनी एकेक वस्तू काढून बघितली. मगात नाक घालून वास घेतला. चपला स्वतःच्या पायात घालून पाहिल्या, मोठ्या होत होत्या, तरी त्यांनी त्या काढल्या नाहीत.

“अजून काय रवला तिचा थंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, काकी,” मी म्हटलं. खोटं बोलले मी, आणि तेही तुझ्या आईशी.

त्या उठल्या आणि दारामागे गेल्या. आता तिथे मोजक्याच चाव्या उरल्या आहेत, बाकी खिळे रिकामे. मोरपंखी चिंधीची चावी त्यांनी काढली. मी ती ओळखली नाही. माझ्या घराची चावी तुमच्या घरात कुठल्या रंगाची असते ते तू मला कधी सांगितलंच नव्हतंस.

“ही तुझी. घे.”

“राहू दे की, काकी. इथेच बरी आहे.”

“तसा नाय चालत, बाय.” चिंधीची गाठ सुटेना तशी त्यांनी ती दातांनी सोडवली. “तू ही चावी तिका दिलंस, माका नाय. ती रवाक नाय, मगे हिचा काम झाला. चिंधी माझी, चावी तुझी.” चावी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी बोटं मिटवली. पोटची पोर जाऊन पंधरवडा झाला नव्हता आणि या बाईला कोणाची कुठली वस्तू परत करायची राहिली याची काळजी. मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं आणि मग पदराने माझं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं.

घरी जाताना ती चावी मुठीत होती आणि तुझं शिरीषच्या वेळचं वाक्य डोक्यात. मी त्याचं नाव सांभाळते आहे. मी तुझं काय सांभाळत होते गं? तुझं नाव दार उघडं टाकून बाहेर ठेवलं होतं, कारण मला ते संध्याकाळी बघायचं होतं. कोणी त्या नावाने एखादं वाकडं काम केलं असतं, एखाद्या मशिनमध्ये काही बिघडलं असतं, तर हिशोबात लिहिलं गेलं असतं, ज्योतीने केलं. आणि तू सांगायला येऊ शकली नसतीस की मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मेल लिहिला. मंजुरी लगेच आली. सावंतांनी यंत्रासाठी नवं खातं उघडलं आणि नाव विचारलं. माझी बोटं ‘ज्योती’ लिहून मोकळी झाली. मग मी ते खोडलं, कारण तुझा नियम. ‘मॅन्युअल-यंत्र’ असं लिहिलं. पानं ठेवायची परवानगी, बाकी काही नाही. मुदत ठरवली. टोकन कुलपात घातलं. आधी नवं लावून बघायचं, नीट चाललं की मगच जुन्याला हात लावायचा, हेही तूच शिकवलेलं. नवं चाललं.

“तुम्ही करता की मी करू?” सावंतांनी विचारलं.

“मी करते. पण थांबा जरा.”

मी कँटीनमधून दोन समोसे आणले. सावंतांना वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं. पण काही न विचारता त्यांनी एक उचलला. आम्ही दोघं तुझ्या रिकाम्या टेबलाशी बसून खात राहिलो. मी माझा शेवटच्या कुरकुरीत कोपऱ्यापर्यंत संपवला, बोटं पुसली आणि मग बटण दाबलं. स्क्रीनने विचारलं, हे परत आणता येणार नाही, नक्की ना? मी हो म्हटलं. तुझा नियम पाळला, ज्योती, पण समोसा संपेपर्यंत थांबून. शिरीषच्या बाबतीत माझंच बरोबर होतं, हे मत अजून बदललेलं नाही.

त्या संध्याकाळी मेसेज आला: ‘मॅन्युअल प्रकाशित झालं. प्रकाशक: मॅन्युअल-यंत्र.’ सावंतांनी फक्त हात जोडलेले टाकले. मी वर सरकत सरकत गेले, तर तुझ्या नावाच्या सगळ्या ओळी तिथेच होत्या, ती गणपतीच्या गडबडीतलीसुद्धा. टोकन बंद झालं तरी आधी केलेलं काम पुसलं जात नाही, हे मला माहीत होतं, तरी बघून बरं वाटलं. मग तुझा तो जुना मेसेज उघडला आणि त्याच्याखाली लिहिलं, ‘काढलं.’

एवढ्यावर थांबले असते. पण मग वाटलं, जी चावी एकदा दुसऱ्याच्या घरी राहून आली, तिच्यावर तू मला पुन्हा विसंबू दिलं नसतंस. रविवारी कारागिराला बोलावून घराचं लॅचच बदललं. त्याने दोन चाव्या दिल्या. एक पर्समध्ये टाकली, दुसरी घेऊन डिलाईल रोडला गेले.

काकी तांदूळ निवडत होत्या. पायात तुझ्या चपला. मी चावी पुढे केली.

“ही खयची?”

“माझीच. नवी आहे. आता तुम्हाला देतेय, काकी. तुम्हालाच.”

त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग सूप बाजूला सारलं, उठल्या. कोनाड्यात ती मोरपंखी चिंधी अजून पडून होती, तिला त्यांनी हात लावला नाही. पेटी उघडली, आतून घडी घातलेला एक पिवळा कपडा काढला, त्याची कड दातात धरली आणि टर्रकन एक पट्टी फाडली. मी ओळखला तो कपडा. त्यांनी पट्टी चावीला दोनदा गुंडाळली, गाठ मारली, ओढून पाहिली आणि दारामागच्या खिळ्यावर अडकवली.

“कोणाक सांगा नको हां, खयचो रंग तो,” त्या म्हणाल्या. “आता ही मी सांभाळतलंय. बस, चाय ठेवतंय.”